३० सप्टेंबरनंतर आलेली मुलं

हे प्रकरण २०२३-२४ या शालेय वर्षातलं. शाळा दोन, दोन्ही जिल्हा परिषदेच्या, दोन्ही नाशिक जिल्ह्यातल्या. मध्ये सावळघाट आणि तालुक्याची हद्द. नावं काढली आहेत, ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. एकीला ‘बागेची शाळा’ म्हणू, दुसरीला ‘पाड्याची शाळा’. मी तेव्हा बागेच्या शाळेच्या केंद्राचा केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारा, होतो. त्यामुळे पुढे जे चुकलेलं दिसेल त्यातलं काही माझ्या नावावर आहे.

पार्श्वभूमी

पेठ-सुरगाण्याकडे पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो आणि तो सरला की हाताला काम उरत नाही. भात, नागली, वरई घरात आली की माणसं खाली उतरतात. त्याच सुमाराला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांना माणसं हवी असतात. गोडी छाटणी, काडीच्या डोळ्यांना पेस्ट, फेलफूट काढणं, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, थिनिंग म्हणजे घडातले मणी विरळ करणं, शेवटी माल उतरवणं. कुणी गिरणाऱ्याच्या नाक्यावर पहाटे उभं राहून रोजावर जातं. कुणी मुकादमाच्या टोळीबरोबर येतं आणि बागेच्या बांधावर कागदाची झोपडी टाकून शिमग्यापर्यंत तिथेच राहतं. टोळीबरोबर पोरंही येतात.

बागेच्या शाळेचा पट ८७, शिक्षक तीन. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष स्वतः बागायतदार. पाड्याची शाळा पहिली ते चौथी, पट २१, शिक्षक दोन.

आता कायदा काय म्हणतो ते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही जबाबदारी कलम ९ नं स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून मुलाला दाराबाहेर ठेवता येत नाही. खेड्यात हे प्राधिकरण म्हणजे जिल्हा परिषद. इथे तर दोन्ही शाळांची मालकीण एकच, तेव्हा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याइतकं हे सोपं असायला हवं होतं.

सोपं नाही त्याचं कारण पट. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि यू-डायस प्लस या शाळांच्या ऑनलाइन नोंदीची माहितीही त्याच तारखेची धरतात. त्या दिवशी पटावर किती मुलं, यावर शाळेतली शिक्षकांची पदं ठरतात. टोळ्या निघतात त्याच्या मागेपुढे, कधी दसऱ्याच्या आधी, कधी दिवाळीनंतर. म्हणजे सरकार मुलं मोजतं तेव्हा ती डोंगरावर असतात आणि शिकायची तेव्हा बागेत.

त्यात सप्टेंबर २०२३ मध्येच वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवणारं पत्र आलं. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ पुढे ठेवलं होतं. राज्यात अशा कमी पटाच्या शाळा १४ हजार ७८३. डोंगराकडच्या शिक्षकांच्या पोटात गोळा आला. २०१७ च्या डिसेंबरात १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता, तो कुणी विसरलं नव्हतं. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची आठवण तर त्याहून ताजी. २०२२ साली तिथली मुलं बकऱ्या घेऊन ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ म्हणत नाशिकला जिल्हा परिषदेवर चालत निघाली होती. २१ चा पट असलेल्या शाळेला हे सगळं काय सांगतं, ते वेगळं समजवायला नको.

अडचण कशी समोर आली

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी बागेच्या शाळेला भेट दिली. तिसरीच्या वर्गाच्या दारात एक मुलगी उभी होती, कडेवर दीडेक वर्षाचा भाऊ. आतही येईना, जाईनाही. बाईंनी तिला आदल्या दिवशी प्रेमानंच सांगितलं होतं, “तू ये गं, पण बाळाला घेऊन नको येऊ.” त्या दिवशी ती तशीच परत गेली आणि चार दिवस आली नाही.

झोपड्यांवर गेलो तेव्हा अशी तेरा मुलं सापडली. दसऱ्यानंतर ती चोवीस झाली. एकाच्या आईनं रेशनकार्डाच्या झेरॉक्सबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं शिक्षण हमी कार्ड काढलं. स्थलांतर करणाऱ्या मुलाला पूर्वीच्या शाळेनं द्यायचं कार्ड ते. मूल कोणत्या इयत्तेत, काय येतं, ते त्यावर लिहायचं म्हणजे पुढची शाळा तिथून सुरुवात करू शकते. या कार्डावर नाव पेन्सिलनं होतं, इयत्ता होती आणि ‘प्रगती’च्या चौकटीत फक्त ‘ठीक’. चोवीसपैकी कार्ड असलेलं हे एकच मूल.

बागेच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मुलांचं वावडं नव्हतं. त्यांचे प्रश्न हिशेबाचे होते. हजेरी कुठे मांडायची? तांदूळ कुठून दाखवायचा? पहिली ते पाचवीला मुलामागे रोज १०० ग्रॅम, म्हणजे चोवीस मुलांना रोजचे दोन किलो चारशे ग्रॅम, आणि तपासणीला माणूस आला की तो आधी तांदळाचं पोतं बघतो. चाचणीत ही मुलं मागे पडली तर शाळेचा निकाल कुणाच्या डोक्यावर? नावं पटावर घेतली आणि मुलं शिमग्याला गेली तर ‘सतत गैरहजर’ कोण ठरणार? यातला एकही प्रश्न मूर्खपणाचा नाही. वरच्या बैठकांमध्ये अशा वेळी कुणीतरी ‘हिवाळीसारखं करा’ म्हणतं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातली हिवाळीची शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते. ती बघून मीही थक्क होऊन आलोय. पण एका माणसानं आयुष्य ओतून उभं केलेलं काम परिपत्रक काढून दुसऱ्या शाळेत उतरत नसतं.

पाड्यावरची भेट

रीतीनं मी आमच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना लिहायचं, त्यांनी त्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना, त्यांनी तिथल्या केंद्रप्रमुखांना. पत्र पोचेपर्यंत माल उतरून गेला असता. म्हणून एका शनिवारी मोटारसायकल काढली आणि सावळघाट चढलो. चोवीसपैकी नऊ मुलं त्या एकाच पाड्याची होती.

शाळेतल्या गुरुजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पहिलाच प्रश्न टाकला, “सर, दाखले न्यायला आलात का?”

मी नाही म्हटलं तेव्हा कुठे ते मोकळे झाले. हजेरीपत्रक टेबलावर होतं. मी मागितलं नव्हतं, त्यांनीच उघडलं. ज्या मुलांना मी बागेत बघून आलो होतो त्यांच्या नावापुढे ओळीनं ‘ह’ होते. गुरुजी म्हणाले, “नऊ गेली तर बारा उरतात. बाराची शाळा कोण ठेवतं? मग या बारांना पलीकडच्या गावात ओढा ओलांडून जावं लागेल. पावसाळ्यात तुम्ही या बघायला.”

खोटी हजेरी म्हणजे खोटा तांदूळही आला. तो कुठे गेला हे मी तिथे विचारलं नाही.

हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण. मी तक्रार केली असती तर गुरुजींवर कारवाई झाली असती. ती नियमानं बरोबरच ठरली असती आणि पाड्याची शाळा त्या वर्षीच यादीत गेली असती. गप्प बसलो असतो तर मीही त्या ‘ह’मध्ये सामील. मी एक अट घातली. सोमवारपासून या नऊ जणांपुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा लिहायचा, कोणत्या शाळेत बसतात ते लिहायचं आणि आमच्याकडची रोजची हजेरी त्यांना फोनवर मिळेल. झालेलं खोडायचं नाही, पुढचं खरं लिहायचं. गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुम्ही लेखी द्याल का, की मुलं तुमच्याकडे बसतायत?” मी तिथेच कागदावर लिहून सही केली.

समोर असलेले पर्याय

दिवाळीआधी बागेच्या शाळेत बसून आम्ही चार वाटा तपासल्या.

रीतसर दाखला मागवून ऑनलाइन ट्रान्सफर करणं सगळ्यात स्वच्छ दिसत होतं. कागदाला कागद जुळतो. पण पाड्याची शाळा मरते, आणि शिमग्याला हाच सोपस्कार उलटा करावा लागतो. त्या येण्याजाण्यात दोन मुलं तरी दोन्ही पटांवरून गळणार हे अनुभवानं माहीत होतं. ही वाट सोडली.

दुसरी वाट हंगामी वसतिगृहाची. आईबाप बागेत गेले तरी मुलानं गावीच आजीजवळ राहायचं, जेवणाची सोय शासनाच्या पैशातून. कल्पना म्हणून मला हीच सर्वांत योग्य वाटते, कारण मूल आपल्या शाळेतून हलतच नाही. पण प्रस्ताव हंगामाआधी जावा लागतो. तो गेला नव्हता. मुलं बागेत आली होती.

बागेतच वेगळा वर्ग भरवावा, उसाच्या पट्ट्यातल्या साखरशाळेसारखा, असं अध्यक्षांचं म्हणणं. ते एक शेड द्यायला तयार होते. मी विरोध केला. शेडमधल्या वर्गाला शिक्षक कोण देणार, आणि पक्की शाळा दीड किलोमीटरवर असताना आदिवासी मुलांनी तेवढी पत्र्याखाली का बसायचं? अध्यक्ष नाराज झाले. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं हे मला डिसेंबरात कळलं, ते पुढे येईल.

राहिली चौथी वाट. पट तिकडेच ठेवायचा आणि मुलं इकडे बसवायची. हमी कार्ड याचसाठी आहे. आम्ही ही निवडली.

काय केलं

एक जाड वही घातली आणि वर ‘पाहुणी मुलं’ असं लिहिलं. नंतर एका साहेबांना तो शब्द आवडला नाही, ‘स्थलांतरित विद्यार्थी नोंदवही’ करा म्हणाले, केली. रोजची हजेरी, खाणाऱ्या मुलांची संख्या, तांदूळ, सगळं त्यात वेगळं. पोषण आहाराच्या नोंदीत ही संख्या लाल शाईनं आणि खाली मुख्याध्यापकांची सही. तांदूळ वाढवून मागणारं पत्र मी स्वतःच्या सहीनं पाठवलं. उत्तर जानेवारीत आलं. तोवर आहे त्यात भागवलं, कधी खिचडी पातळ झाली.

शिकवण्याचा भाग सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे झाल्या. सुरुवातीला मुलं वयाप्रमाणे वर्गात बसवली आणि वाचन तपासलं: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. चोवीसपैकी अकरा ‘अक्षर’ किंवा त्याच्याही खाली निघाली. बाईंनी मान हलवली. पण दारात उभी राहिलेली ती मुलगीही त्या अकरात होती, आणि झोपडीवर मी तिला खताच्या गोणीवरचं नाव भावाला वाचून दाखवताना पाहिलं होतं. तिला पुन्हा बोलावलं. या वेळी वाचनाचं कार्ड पुढे न धरता आधी तिच्याशी गप्पा मारल्या, गावची बस कुठे थांबते, घरी किती कोंबड्या. मग तिनं परिच्छेद वाचला, अडखळत, पण वाचला. घरी कोकणी, म्हणजे कोकणा आदिवासींची बोली, बोलणारं मूल अनोळखी बाईसमोर गप्प राहतं आणि आपण त्या गप्पपणाला ‘येत नाही’ असं लिहून मोकळे होतो. सगळी तपासणी पुन्हा केली. अकराचे सात झाले.

मग सकाळचा दीड तास स्तराप्रमाणे गट, त्यात गावची आणि टोळीची मुलं एकत्र. गावच्या काही पालकांनी कुरकुर केली. त्यांची स्वतःची मुलं ‘शब्द’ गटात निघाल्यावर कुरकुर थांबली.

उरला कडेवरचा भाऊ. शेजारच्या अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढचं मूल बसतं. त्याखालच्याला घरी नेण्याचा आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. आमच्या चोवीस मुलांपैकी पाच मुलींच्या कडेवर असं कुणी ना कुणी होतं. यावर तोडगा अध्यक्षांनी काढला. तीन बागायतदारांनी मिळून टोळीतल्या एका वयस्कर बाईला रोज द्यायचा आणि तिनं बागेत न जाता झोपड्यांवर बाळं सांभाळायची. चौथा बागायतदार म्हणाला, “मी मजुरी देतो, पाळणाघर चालवत नाही.” पण तिघांनी दिला. पाचही मुली शाळेत आल्या.

मग २६ नोव्हेंबर

२६ नोव्हेंबर २०२३ ला अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. निफाडकडच्या बागांचं काय झालं ते नाशिककरांना सांगायला नको. आमच्या भागात काही बागा वाचल्या, काहींचे घड जमिनीवर. ज्या बागेत मालच उरला नाही तिथे थिनिंगला माणसं कशाला? मुकादमानं दोन दिवसांत एक टोळी उचलून दुसरीकडे नेली. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली तेव्हा चोवीसची पंधरा झाली होती. नऊ मुलं कुठे गेली याचा ठाव काढायला मला तीन आठवडे लागले. चार सापडली, ती दुसऱ्या केंद्रातल्या शाळेजवळ होती, पण शाळेत नव्हती. अध्यक्षांची शेड असती तर वर्ग टोळीमागे हलवता आला असता का? नाही, पण मुकादमाला निदान आधी बोलावं लागलं असतं. पाच मुलांचा पत्ता त्या हंगामात लागला नाही.

वाचलेल्या बागांत डिसेंबरात थिनिंगची घाई झाली, एकेका हाताची किंमत वाढली आणि बाळं सांभाळणारी बाई बागेत ओढली गेली. दोन मुली पुन्हा भाऊ सांभाळायला झोपडीवर बसल्या. त्यांतली एक तीच, दारातली.

जानेवारीत वेगळाच प्रकार. १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२४ ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धा होती, भिंती रंगवायच्या होत्या, फोटो टाकायचे होते. २३ जानेवारीपासून राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण लागलं आणि तीनपैकी दोन शिक्षक घरोघर फिरायला गेले. त्या दिवसांत सकाळचा गटवर्ग भरला नाही. तो बंद करायचा निर्णय कुणी घेतला नव्हता, भरला नाही एवढंच. गावच्या मुलांना पंधरा दिवस बुडाले तर पुढे भरून निघतात. शिमग्याला जाणाऱ्या मुलाचा पंधरवडा म्हणजे हंगामाचा मोठा तुकडा.

काय हाती लागलं

शेवटपर्यंत टिकलेली मुलं तेरा. त्यांतली आठ वाचनात किमान एक पायरी चढली, तीन होती तिथेच राहिली, दोघांचं शेवटचं तपासणं झालंच नाही. २४ मार्चला होळी होती. त्याच्या आठवडाभर आधीच टोळी परतली. तेरा जणांची हमी कार्डं आम्ही भरून दिली. ‘ठीक’ असं कुठेच लिहिलं नाही. ‘जोडाक्षरात अडते, गोष्ट ऐकून सांगते, बेरीज हातच्याची येते’ असं लिहिलं.

पाड्याच्या शाळेची खरी हजेरी वर गेली. गुरुजींना खुलासा मागितला गेला, माझं लेखी पत्र त्यांनी जोडलं, प्रकरण तिथेच थांबलं. शाळा त्या वर्षी वाचली. मला श्रेय घ्यायला आवडलं असतं, पण खरं असं की त्या भागातला समूह शाळेचा विषय पुढेच सरकला नाही. पुढच्या सप्टेंबरात पट १८ भरला.

पुन्हा करायचं झालं तर

मुकादमाला आम्ही सगळ्यात शेवटी भेटलो, तिथे सगळ्यात आधी जायला हवं होतं. टोळीला उचल गणपतीच्या आसपास मिळते. कोणतं कुटुंब, ऊसतोडीत जसे किती ‘कोयते’ मोजतात तसे इथे किती ‘हात’, कुणाची बाग, कधीपासून, हे त्याच्या वहीत भाद्रपदातच असतं. ही वही सप्टेंबरात बघितली असती तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत गेला असता, निदान कार्डं तरी घाटावरच भरली असती. नोव्हेंबरात टोळी कुठे हलली ते एका फोनवर कळलं असतं.

बाळांचा सांभाळ तीन बागायतदारांच्या भलेपणावर टांगायला नको होता. शाळेच्या अनुदानातून तो खर्च बसत नाही, हे खरं. ग्रामपंचायतीला मी विचारलंच नाही. का नाही विचारलं, याचं उत्तर द्यायचं तर निवडणुकीचं वातावरण होतं आणि मला सरपंच आणि अध्यक्ष यांच्यात पडायचं नव्हतं.

पाड्यावरच्या मागच्या खोट्या हजेरीबद्दल मी लेखी काही कळवलं नाही. आजही माझं मन त्यावर एका जागी बसत नाही. माझ्याच एका सहकाऱ्याचं मत आहे की मी चूक झाकली. दुसऱ्याचं मत, मी शाळा झाकली. नियमाच्या बाजूनं बघितलं तर पहिला बरोबर आहे. पण मूल सहा महिने एका शाळेत आणि सहा महिने दुसऱ्या शाळेत शिकतं हे संचमान्यतेला दिसत नाही, तोवर प्रत्येक पाड्यावरच्या गुरुजींपुढे हाच प्रश्न दर ऑक्टोबरला उभा राहणार. दोन्ही शाळांना अर्धा-अर्धा पट धरता येईल अशी एक साधी नोंद असती, तर त्या शनिवारी मला विचारलेला पहिला प्रश्न दाखल्याचा नसता.

जुलै २०२४ मध्ये घाटावर गेलो होतो, दुसऱ्या कामाला. वाट वाकडी करून पाड्याच्या शाळेत डोकावलो. ती मुलगी चौथीत बसली होती. भाऊ दारात खेळत होता, आता चालायला लागलेला. गुरुजींनी तिचं हमी कार्ड कपाटातून काढून दाखवलं, प्लास्टिकच्या पिशवीत. मी विचारलं, “या सप्टेंबरात मुकादम येऊन गेला की कळवाल?” ते म्हणाले, “येऊन गेला. नावं लिहून नेली त्यानं.” मी वही काढली.